कृष्णेच्या डोहातली निरगाठ

माळ्यावरची ट्रंक उपसताना हायस्कूलचं एक जुनं वार्षिक हाती लागलं. आत आमच्या ह्यांचं प्रवासवर्णन. भूगोलाचे शिक्षक होते हे, आणि लिहायची भारी हौस. औंध, कऱ्हाड, कृष्णाकाठ, सांगली, सगळं आहे त्यात. डोंगरांच्या उंच्या आहेत, खडकांच्या जाती आहेत, सूर्यास्त दोन आहेत. मी एका ठिकाणी आहे, "सोबत कुटुंब होते" या तीन शब्दांत. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य आहे: "स्थानिक कोळणीच्या हलगर्जीपणामुळे नौका बुडाली."

ते वाचलं आणि माझा चहा निवला. ह्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. समोर असते तर तो अंक त्यांच्या ताटाशेजारी ठेवून चांगला तासभर भांडले असते. आता भांडायला माणूस नाही आणि राग तर जागचा हलत नाही. म्हणून तोच प्रवास मी पुन्हा लिहिते आहे. डोंगरांच्या उंच्या ज्यांना हव्या असतील त्यांनी तो अंक शोधावा.

औंध

लढाईची वर्षं होती. पेट्रोल नव्हतं, म्हणून साताऱ्याहून सुटणाऱ्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे हा एवढा बंब, त्याला पंख्यानं वारा घालायचा, आणि मग मोटार सुरू झाली तर झाली. चढावर सगळे उतारू खाली उतरून ढकलत. भाडं आम्ही दिलेलं आणि ढकलायचंही आम्हीच! मी एकोणीस वर्षांची, वाईची मुलगी, लग्नाला दीड वर्ष झालेलं, हिरवं इरकल नेसलेली. ढकलायला उतरणार नाही म्हणून बसून राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा, बसा. तुमच्या वजनानं चाकं तरी जमिनीला ऱ्हातील." मी दोन मैल फुगून बसले. आज वाटतं, त्या फुगलेल्या मुलीला उतरवून बंबाजवळ उभी करायला हवी होती. नुसत्या धुसफुशीवर मोटार कऱ्हाडपर्यंत गेली असती.

आम्ही निघालो होतो ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडे. त्यांना सगळे आबा म्हणत. सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या अगदी काठावर त्यांचं गाव, ऊस, आणि दरवर्षी संक्रांतीच्या आसपास लागणारं गुऱ्हाळ. मुलगा फौजेत, दूर कुठेतरी आफ्रिकेत. मुलाचे मास्तर येऊन चार दिवस राहिले तर म्हातारा-म्हातारीला बरं वाटेल, असं पत्र आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांची नातवंडं आता आमच्या नातवंडांबरोबर शिकतात.

वाटेत सासूबाईंचा नवस होता, म्हणून औंधला यमाईच्या डोंगरावर चढलो. पायऱ्या मोजत चढायचं असं मी ठरवलं होतं. हे प्रत्येक वळणावर थांबून हा खडक कुठला ते सांगत होते, त्यामुळे माझी मोजणी तीनदा चुकली. वर पोहोचले तेव्हा देवीकडे काय मागायचं ते विसरून गेले होते. ओटी भरली, कपाळ टेकलं, आणि मनात म्हटलं, आई, ह्यांना चार दिवस गप्प ठेव. तिनं ऐकलं, पण उशिरा आणि नको त्या वेळी. ते पुढे येईल.

मलकापूर आणि पुढे

कऱ्हाडच्या पुढे मलकापूरला मोटारीचा बंबच फुटला. तीन तास एका वडाखाली बसलो. समोरच्या घरातल्या म्हातारीनं न विचारता ताक आणून दिलं आणि कुठलं गाव, मूलबाळ किती, हे मात्र सगळं विचारून घेतलं. मूल नाही म्हटल्यावर तिनं ह्यांच्याकडे बघितलं. हे मासिक वाचत होते. म्हातारी म्हणाली, "व्हय, आसं वाचत बसल्यावर कसं व्हायाचं." या प्रवासात मला खरंखुरं हसू आलं ते एवढं एकदाच.

ते मासिक लक्षात ठेवा. इंग्रजी होतं, शाळेच्या लायब्ररीतलं. त्यात थंड समुद्रातल्या शिकाऱ्यांवर लेख होता. त्यांच्या होड्या म्हणे कातड्याच्या, एका माणसापुरत्या, अरुंद. समुद्राच्या तळाला रुजलेलं, दोरखंडासारखं लांब गवत वर येऊन तरंगतं. मासे धरताना किंवा बुडी मारताना होडी वाहून जाऊ नये म्हणून ते लोक त्या गवताच्या दोन-चार पाती होडीवर आडव्या ओढून घेतात, नाहीतर त्यांना दोर गुंडाळतात. नांगर नको आणि दगडही नको. ह्यांना ते इतकं आवडलं होतं की पुढे रेल्वेत, मग बैलगाडीत, रस्त्यात भेटेल त्या माणसाला हे ते सांगत होते. बैलगाडीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मास्तर, त्या गवताला बैल खात्यात का?"

गाव, पहिला दिवस

आमची वाई कृष्णेवरचीच. पण वाईत नदी म्हणजे घाट, पायऱ्या, देवळं, ओलेती सोवळी आणि बायकांच्या घागरी. उत्सवात तिची ओटी भरायची आणि एरवी तिला जपायचं. इथे तीच कृष्णा बघून मला धक्काच बसला. इथे ती वहिवाटीचा रस्ता होती. माणसं तिच्यातून पलीकडे बाजाराला जात, म्हशी तिच्यात दिवस काढत, आणि काठाला हिरव्यागार लव्हाळ्याची बेटं वाऱ्यावर लवत असत. मी नाक मुरडलं. म्हटलं, यांना नदीची काही किंमत नाही. वाईची मुलगी ना मी! जणू कृष्णा माझ्या बापानं वाईत पाळून ठेवलेली, आणि या लोकांनी तिला रस्त्यावर मोकाट सोडलेली.

आबांच्या घरी पाहुणचार असा की अंगावर यावा. सकाळी हुरडा, दुपारी ज्वारीची भाकरी, वांगं आणि खर्डा, तिसऱ्या प्रहरी आलं घातलेला उसाचा रस, संध्याकाळी पुन्हा भाकरी. नको म्हटलं की आबांची बायको, तिला सगळे आईसाहेब म्हणत, रुसायची. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना तो "पुरे" म्हणेपर्यंत वाढतात. इथे "पुरे" म्हटल्यावर खरं वाढायला सुरुवात होई.

गुऱ्हाळ परवा लागणार होतं आणि सगळं गाव काहिलीची वाट बघत होतं. रस उकळायची काहील म्हणजे लोखंडी पत्र्याची, रिवेट मारलेली, आठ माणसं मांडी घालून बसतील एवढी पसरट कढई. काठाला चार कड्या. गावात ती एकच. सात-आठ घरांचा ऊस पाळीपाळीनं तिच्यातच उकळायचा. आणि लढाईमुळे पत्रा कुठेही मिळत नव्हता. फुटली किंवा गेली, तर नवी होणार नाही आणि ऊस फडातच वाळणार.

हीच काहील पावसाळ्यात नदीवर असे. गुऱ्हाळ संपलं की ती कोळ्यांकडे जायची आणि पुरात तिच्यात माणसं बसवून पलीकडे न्यायची. एकाच वस्तूचे दोन जन्म. हे मी वाईत कधी ऐकलं नव्हतं. वाईत कढई ती कढई आणि नाव ती नाव.

काहील ज्या बाईकडे असे तिचं नाव बायजा. नवऱ्याला दमा, म्हणून नदीवरचं सगळं तीच करायची: उतारू नेणं, जाळं टाकणं, बुडी मारून खडकात अडकलेलं काढणं. चाळिशीची, काळी, खांद्यांनी रुंद, गालात तंबाखूची गोळी. पलीकडच्या गावची माणसं तिला वर्षाचं धान्य देत. तेच तिचं पोट.

दुसरा दिवस

बायजा काहील वाळूनं आणि राखेनं घासत होती. उद्या ती आबांकडे द्यायची. आबा आम्हाला नदीवर घेऊन गेले आणि तिला म्हणाले, "बायजे, चुलीवर चढायच्या आधी मास्तरांना येकदा डोह दाखवून आण." हे शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आम्हाला डोहात पाठवलं ते आबांनी. बायजानं नाही.

तिचंही काम होतंच. एक जाळं डोहाच्या तळाला अडकलं होतं. काहील होती तोवर ते काढायचं होतं. आम्ही दोघं बसलो, तिनं बांबूनं रेटा दिला, आणि डोहाच्या वरच्या अंगाला, जिथे खडकांच्या फटींतून लव्हाळ्याची बेटं उगवलेली होती, तिथे ती थांबली.

आणि मग तिनं जे केलं ते बघून ह्यांच्या हातातलं मासिक पडायचं बाकी राहिलं. पाण्यालगत हात घालून तिनं एका बेटातून मूठभर लव्हाळा ओढला, दुसऱ्यातून मूठभर, तिसऱ्यातून मूठभर. तिन्हींना मिळून एक पीळ दिला, पीळ दुमडला आणि दुमडीत काहिलीच्या कडीचा दोर अडकवला.

"येकाच बेटाला बांधायचं न्हाई," ती मला म्हणाली. ह्यांच्याशी ती बोलत नसे, परका पुरुष म्हणून. "येक बेट उपटतंय, तीन उपटत न्हाईत. शेंड्याला धरायचं न्हाई, पाण्यापाशी धरायचं. दोर दोन हात सैल. आन गाठ सुरगाठ. टोक हिकडं, हाताला लागंल आसं."

थोडा वेळच थांबायचं असेल तर बांधायचंही नाही, म्हणाली. लव्हाळ्याची जुडी काठावरनं आत ओढून तिच्यावर बसायचं. माणसाच्या वजनानं काहील जागेवर राहते. पण बुडी मारायची असेल तर सुरगाठच हवी. बुडी मारणाऱ्यानं कमरेच्या दोराला खालून झटका दिला की वरच्यानं गाठीचं टोक ओढायचं, गाठ सुटते आणि काहील बुडणाऱ्याकडे वाहत येते.

हे आनंदानं वेडे झाले. थंड समुद्रातलं गवत आणि कृष्णेतला लव्हाळा, विद्या एकच! मासिक उघडून मला वाचून दाखवू लागले. बायजाला दाखवायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही.

जाळ्याची जागा चुकली म्हणून तिनं काहील चार हात बाजूला घेतली. त्यासाठी गाठ सोडावी लागली होती. ती पदर खोचत म्हणाली, "वैनी, तुमी बांधा. दावलंय न्हवं?" आणि बुडी मारली.

आता त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीकडे बघा. हातात दोर. कानांत ह्यांचं इंग्रजी. मनात काय, तर आईची शिकवण: बांधायचं तर निरगाठ, नाहीतर बांधूच नये. घरी फडताळाची किल्ली, लोणच्याच्या बरणीचा दादरा, पाळण्याची दोरी, सगळं मी निरगाठीनं बांधत आले होते आणि कधी काही सुटलं नव्हतं. सुरगाठ म्हणजे मला आळशी बायकांची गाठ वाटायची. ह्या अडाणी कोळणीपेक्षा आपण पक्कं बांधू, असं म्हणून मी एकाच बेटाचा लव्हाळा धरला, दोर आखूड घेतला आणि दोन निरगाठी मारल्या. वरून ओढूनही बघितल्या. काय समाधान झालं त्या बयेला!

दोर आखूड, त्यामुळे लव्हाळ्यानं काहिलीचा तेवढा काठ खाली ओढून धरला. वरून प्रवाह. पाणी काठाशी आलं, मग काठावरून पदरासारखं आत उतरलं. मी गाठ सोडायला गेले. ओली निरगाठ ती! नखं लावली, दात लावले. हे मदतीला माझ्या बाजूला सरकले आणि त्यांच्या वजनानं उरलेलं काम झालं. घागर बुडताना बुडबुडते तरी. काहील काही न बोलता गेली. लव्हाळ्याचं बेट मुळासकट उपटून तिच्यामागून गेलं आणि इंग्रजी मासिक मात्र वर तरंगत राहिलं.

पोहता आम्हा दोघांनाही येत होतं. वाईच्या घाटावरून मी लहानपणी उड्या मारलेल्या. बायजा वर आली, इकडेतिकडे बघितलं, आणि काहील कुठे आहे हे तिनं विचारलं नाही. गाठ कुठली मारली, एवढंच विचारलं. मी सांगितलं. ती काठाकडे पोहत निघाली.

त्याच दिवशी, काठावर

गाव जमलं. ज्यांचा ऊस उभा होता ते सगळे आले. गुळव्या, म्हणजे चुलीपुढे उभा राहून पाक झाला की नाही ते ठरवणारा माणूस, डोक्याला हात लावून वाळूत बसला. दोन पुरुष खोल पाण्याखाली त्यांचं वर्ष पडलं होतं.

आणि मग जे झालं त्याचा मला राग येतो, आजही येतो. मला कुणी एक शब्द बोललं नाही. आईसाहेबांनी कोरडं लुगडं दिलं, निखारे आणले, सुंठीचा काढा दिला. पाहुणीला लागलं तर नाही ना, एवढंच जो तो विचारत होता. आणि बायजाला सगळे बोलले. काहील तुझ्या ताब्यात होती. पाव्हण्यांना घेऊन बुडी मारायची काय गरज होती. गुळव्या तर तिच्या आजीपर्यंत पोहोचला. आबा म्हणाले, काहील निघाली तर देवाची दया, पण पुढच्या पावसाळ्यात ती बायजाकडे जाणार नाही.

बायजानं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली, हळूच, नको म्हणून. यमाईनं माझं ऐकलं होतं. माझा नवरा गप्प होता.

मीही गप्प राहिले. संध्याकाळी जेवायला बसले. भाकरीवर लोणी होतं. ते मी खाल्लं. हे लिहिताना त्या मुलीच्या हातातलं ताट ओढून घ्यावंसं वाटतं.

तिसरा दिवस

सकाळी बायजा काहील काढायला निघाली. होडी नव्हती, म्हणून वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधली. काठावर दोन बैलजोड्या आणि लांब दोर. तिनं खाली जायचं, कड्यांत दोर ओवायचे, आणि बैलांनी ओढायचं. सांगड लव्हाळ्याला बांधून वर कुणीतरी बसायला हवं होतं. तळाशी तिचा पाय दोरात अडकला, तर झटक्यासरशी गाठ सोडून सांगड तिच्यापर्यंत न्यायला. माणसं पुढे झाली. बायजानं हात आडवा धरला.

"वैनी बसतील," ती म्हणाली.

आबा नको म्हणाले. पाव्हणी बाई, थंडीचं पाणी. बायजा हटली नाही. "बाकीच्यांस्नी शिकवावं लागंल. ह्यांस्नी शिकवून झालंय. आन आता ह्या न्हाई चुकायच्या."

काठावर दोघं-तिघं हसले. ते कशाला हसले हे त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी काष्टा घालून पाण्यात उतरले. हे मागून काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही.

तीन बेटं, पाण्यालगत मूठ, पीळ, दुमड, सुरगाठ, टोक एका हातात, बायजाच्या कमरेचा दोर दुसऱ्या हातात. जानेवारीचं पाणी, दात वाजत होते. पहिल्या बुडीत तिनं एक कडी साधली. दुसऱ्या बुडीत दुसरी. तिसऱ्या बुडीला ती खाली राहिली. मी आकडे मोजत होते. औंधच्या पायऱ्या मोजताना चुकले होते, इथे चुकले नाही. साठावर हाताला झटका आला. टोक ओढलं. गाठ अशी सुटली की जणू नव्हतीच. सांगड वाहत गेली, आणि तिचा हात पाण्यातून वर येऊन भोपळ्यावर पडला.

बराच वेळ ती नुसती श्वास घेत होती. मग कमरेचा विळा भोपळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या मुठीतलं माझ्या हातात कोंबलं. विळ्यानं कापून आणलेला हातभर दोर, त्याला लव्हाळ्याची कुजट मुळं, आणि मध्ये माझ्या दोन निरगाठी, पाण्यानं फुगून घट्ट झालेल्या.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचं तुमच्यापाशी."

तिला ते तळालाच सोडता आलं असतं. नाहीतर काठावर नेऊन सगळ्यांपुढे टाकता आलं असतं. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्या हातात दिलं. त्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. हिनं मला सोडलंही नाही आणि पकडलंही नाही!

बैलांनी काहील ओढून काढली. एक पोचा आला होता, बाकी शाबूत. लोकांनी बैलांच्या पाठी थोपटल्या. आबा म्हणत होते, झालं गेलं कृष्णाबाईला मिळालं, पण बायजे, पुढच्या साली काहील दुसऱ्याकडं. मी ओल्या लुगड्यानं तिथे गेले आणि तो दोर आबांपुढे धरला.

"आबा, ही गाठ माझी आहे. तिनं सुरगाठ सांगितली होती, दोनदा. मी ऐकलं नाही."

आबांनी गाठ बघितली. त्या काठावरच्या पोरासोरांनाही कळत होतं की अशी गाठ कुणी कोळी मारणार नाही. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे नदीच्या पलीकडे बघत होते.

मग आबा माझ्याकडे वळले. "मग काल भाकरी खाताना त्वांडात काय हुतं?"

तीन दिवसांत मला पहिल्यांदा कुणी माणसासारखं बोललं. खरंच सांगते, रडू आलं ते सुटल्यासारखं.

"रडू नगा. बसा हितं," आबा म्हणाले. "ही गाठ सोडा. तोडायची न्हाई, सोडायची. ती सुटल्याबिगर चुलीला जाळ न्हाई."

मी वाळूत बसले. सगळे बसले. कुणी बिड्या पेटवल्या, कुणी बैल सोडले. दात लावले, अंबाड्यातला आकडा काढून घातला, दोन नखं मोडली. बायजा समोर बसून तंबाखू चघळत होती. सूर्य पार कलला तेव्हा पहिली सुटली. दुसरीला तिनं न बोलता पुढे होऊन दोराचं मागचं टोक आत ढकललं, तशी तीही सुटली. तिनं दोर झटकला, गुंडाळला आणि कमरेला खोचला. आबांनी सगळ्यांदेखत तिचा हात काहिलीच्या कडीवर ठेवला. पावसाळ्यात काहील बायजाचीच.

दुसऱ्या दिवशी काहिलीला हळदकुंकू लावून चुलीवर चढवली. पहिली काकवी बायजानं मला वाटीत दिली. तिच्या घरच्या तव्यावर कसला तरी वास दरवळत होता आणि तिनं विचारलं, खाणार का. खाल्लं की नाही ते लिहीत नाही. आमच्या घरात अजून दोन म्हाताऱ्या जिवंत आहेत.

सांगली

परतण्याआधी सांगलीला जाऊन गणपतीचं दर्शन घेतलं. हे माझ्याशी बोलत नव्हते. चारचौघांत त्यांची मान खाली गेली होती. माझी गेली नव्हती. त्या मुलीला वाटत होतं, आपण काहीतरी मोठं केलं. देवळातून बाहेर येताना ती अशी चालत होती, जशी काहील तिनंच बुडी मारून काढली होती.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

घरी आल्यावर महिनाभर हे लिहीत होते. त्यांचं अक्षर कंपाउंडरचं. माझं वळणदार. छापखान्याला द्यायची प्रत मी काढायची, अशी आमच्या घरची रीत. शेवटच्या पानावर ते वाक्य आलं आणि माझा टाक थांबला. मी ह्यांना म्हटलं, हे खोटं आहे. हे म्हणाले, "वाचणाऱ्याला काय करायचंय गाठ कोणी मारली? तुझं नाव घालू का छापून? तिला वाचता येत नाही, तिला काय कळणार आहे."

मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. "स्थानिक कोळणीच्या हलगर्जीपणामुळे नौका बुडाली." काना, मात्रा, वेलांटी, सगळं नेटकं. नदीकाठी शंभर माणसांपुढे बोललेली बाई घरात, चटईवर, एका माणसापुढे बोलली नाही.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा त्या गावी गेलो. काठावर बायजा नव्हती. आठवडी बाजारात पाटीत थोडे मासे घेऊन बसलेली दिसली. आबांनी पावसाळ्यात काहील तिलाच दिली होती, शब्द मोडला नव्हता. पण तो अंक पलीकडच्या गावच्या गुरुजींकडे पोहोचला होता, आणि त्यांनी तो पारावर वाचून दाखवला होता. पलीकडच्या लोकांनी ती गाठ बघितली नव्हती. छापलेलं मात्र ऐकलं होतं. ते तिच्या काहिलीत बसेनात. धान्य बंद झालं, आणि श्रावणात तिनं स्वतःच काहील दुसऱ्याला देऊन टाकली.

मी तिच्यासमोर बसले. तिनं पाटीवरची माशी हाकलली.

"आवं वैनी," ती म्हणाली, "पाण्यातली सुटली. कागदावरची तुमची गाठ लय घट बसली."

मी काही बोलले नाही. पुन्हा. ह्यांनी हाक मारली आणि मी उठले.

आज इतक्या वर्षांनी त्या अंकाच्या शेवटच्या पानाकडे बघते आहे. छापील अक्षर सगळ्यांचं सारखंच, पण त्याच्या पाठीमागे माझं वळण मला दिसतं. ह्यांच्यावरचा राग खरा आहे, तो मी कमी करणार नाही. पण टाक त्यांच्या हातात नव्हता.

म्हणून या वेळीही अक्षर माझंच आहे, आणि वाक्यही. काहील मी बांधली होती. बायजानं सुरगाठ सांगितली होती आणि मी निरगाठ मारली. हे कुणीतरी पारावर वाचून दाखवावं, पलीकडच्या गावात.